पान थांबलं की वाचता येतं

अमरावती आणि अकोल्यातल्या लहान धंद्यांच्या वेबसाइट करणं हे माझं काम. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू असा रस्ता धरून माझी सारखी ये-जा चालू असते. शिकवणी वर्ग, दवाखाने, मंगल कार्यालयं, कृषी केंद्रं, वरूडकडच्या संत्र्याच्या नर्सऱ्या ही माझी गिऱ्हाइकं. यांतल्या कितीतरी जणांना पूर्वी वेबसाइट हवी असूनही परवडत नसे. आता मालक दुकानात बसून एआयला चार ओळी सांगतो आणि समोरचा चहा संपायच्या आत पान तयार होतं. मग मला फोन येतो, "ताई, साइट झालीच आहे, तुम्ही फक्त चालू करून द्या."

या पद्धतीला आंद्रे कार्पथी या संगणकशास्त्रज्ञाने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'व्हाइब कोडिंग' असं नाव दिलं. वर्ष संपायच्या आत कॉलिन्स शब्दकोशाने ते वर्षाचा शब्द म्हणून निवडलं, आणि तोवर ही पद्धत दर्यापूर-परतवाड्यापर्यंत पोचलीही होती. मला याचा मनापासून आनंद आहे. गावातल्या माणसाच्या हातात असं साधन येणं ही मोठी गोष्ट आहे. पण त्यामुळे माझ्या कामाची तऱ्हा पार बदलली. आधी मी पान उभं करायची. आता आयत्या पानातून काय काय काढून टाकायचं हे ठरवण्यात माझा बहुतेक वेळ जातो. ते ठरवायला मला शिकवलं ते ज्यांना लक्ष एका जागी टिकवणं जड जातं अशा माणसांनी.

एआयला 'छान, आकर्षक, मॉडर्न वेबसाइट कर' असं सांगितलं की जे हाती येतं ते आता मी न बघताही सांगू शकते. वर जांभळट-निळ्या रंगाचा मोठा पट्टा. त्यावर 'तुमच्या यशाचा प्रवास इथून सुरू होतो' अशा थाटाचं वाक्य. खाली शेजारी शेजारी दोन बटणं, दोन्ही तितकीच ठळक. मग शून्यापासून धावत वर जाणारे आकडे. मग तीन चौकोन, प्रत्येकात एक चिन्ह. मग आपोआप सरकणारे अभिप्राय, जे कुणीच दिलेले नसतात. कोपऱ्यात चॅटचा गोळा. आणि खाली जाल तसतसा प्रत्येक भाग तरंगत वर येणार. मालक खूश होतो, कारण मोठ्या शहरातल्या कंपनीसारखं दिसतं. ते तसं दिसतं हे खरंच आहे. पण ते वापरायचं कुणी, हा प्रश्न चार ओळी सांगताना कुणाच्या मनात आलेला नसतो.

अकोल्यातल्या एका शिकवणी वर्गाची साइट अशीच आली. अकोला हे आता वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीचं गाव झालं आहे. वाशीम, बुलडाणा, यवतमाळकडची मुलं इथे खोली घेऊन राहतात. वर्गाला शिष्यवृत्ती परीक्षेची नोंदणी ऑनलाइन करायची होती. साइट चालू करण्याआधी काही मुलं आणि पालक यांच्या शेजारी बसून मला ती वापरताना बघायची आहे, असं मी संचालकांना सांगितलं, आणि ते लगेच तयार झाले.

बाळापूर तालुक्यातून एक आई मुलाला घेऊन आली होती. मुलगा दहावी झालेला, चलाख. लहानपणापासून चंचल, धांदरट म्हणून बोलणी खाल्लेला. नववीत असताना मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचं (लक्ष टिकवण्याच्या अडचणीचं) निदान केलं, तेव्हा कुठे घरातली बोलणी थांबली. त्याला तीनच गोष्टी करायच्या होत्या: परीक्षेची तारीख बघायची, शुल्क बघायचं आणि नाव नोंदवायचं.

पान उघडलं तसे वरचे आकडे पळायला लागले. ते थांबेपर्यंत तो थांबला. खाली सरकला, तर चौकोन एकेक करून वर येऊ लागले आणि प्रत्येक चौकोन स्थिर होईपर्यंत मुलाची नजर त्याच्या मागे. तेवढ्यात कोपऱ्यातला चॅटचा गोळा उड्या मारायला लागला. त्याने त्यावर बोट ठेवलं. चॅटच्या खिडकीने अख्खं पान झाकून टाकलं. ती बंद केली तर पान पुन्हा सगळ्यात वर, आणि आकडे पुन्हा शून्यापासून. त्याने फोन टेबलावर ठेवला. म्हणाला, "मी काय पाहाले आलतो तेच इसरलो."

आई म्हणाली, "ताई, याले सारं येते. पण हे पान हालूनच राह्यलं. याचे डोये तिकडंच जातेत."

एडीएचडी असलेल्या माणसाकडे लक्ष नसतं असं लोक समजतात. लक्ष असतं. ते कुठे वळवायचं आणि किती वेळ तिथे ठेवायचं, यावरची पकड सैल असते. निदानासाठी डॉक्टर जी लक्षणं बघतात त्यांत हेच आहे: बाहेरच्या हालचालीने चटकन ओढलं जाणं, हातातलं काम अर्धवट सुटणं, रोजच्या गोष्टी विसरणं. डोळ्याच्या कडेला काही हललं की कुणाचीही नजर तिकडे जाते. तो शरीराचा धर्म आहे. बाकीच्यांची नजर क्षणात परत येते आणि वाक्य जिथे सुटलं तिथून पुढे चालू होतं. या मुलाला परत आल्यावर वाक्य नव्याने शोधावं लागतं. पानावर हलणाऱ्या गोष्टी जितक्या, तितक्या वेळा हा शोध.

ही अडचण नवी नाही आणि तिच्यावरचा उपायही नवा नाही. वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून डब्ल्यूथ्रीसी ही जागतिक संस्था डब्ल्यूसीएजी नावाचे निकष काढते. पहिली आवृत्ती १९९९ ची, सध्याची २.२ ही ऑक्टोबर २०२३ ची. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की एखादी गोष्ट आपोआप हलायला लागली, पाच सेकंदांहून जास्त हलत राहिली आणि तिच्या बाजूला दुसरा मजकूर असेल, तर ती थांबवायची सोय हवी. आकलनाच्या आणि शिकण्याच्या अडचणी असलेल्यांसाठी याच संस्थेने २०२१ मध्ये वेगळी मार्गदर्शिकाही काढली. फोनमध्ये 'ॲनिमेशन काढा' अशी सेटिंग असते, आणि चांगली वेबसाइट ती सेटिंग बघून स्वतःची हालचाल थांबवते. त्यासाठी कोडच्या मोजक्याच ओळी लागतात. एआयला त्या ओळी उत्तम माहीत आहेत. सांगितलं की लिहितो. न सांगता मात्र माझ्याकडे आलेल्या पानांत त्या क्वचितच असतात.

असं का होतं, हे समजून घेणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्याशिवाय उपाय सापडत नाही. एआय वेबसाइट करायला शिकला तो आहेत त्या वेबसाइट वाचून. वेबएम ही अमेरिकेतली संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटची मुखपृष्ठं तपासते. २०२५ च्या तपासणीत ९४.८ टक्के पानांत निकषांविरुद्धचे दोष निघाले, आणि सरासरी एका पानात ५१. म्हणजे ज्या वहीवरून एआयने गिरवलं तीच चुकांनी भरलेली. रंगाचंच बघा. टेलविंड हे वेबसाइट सजवण्याचं साधन बनवणारे ॲडम वॉथन यांनी २०२५ मध्ये सगळ्यांची जाहीर माफी मागितली होती. पाच वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या नमुन्यांतली बटणं जांभळट-निळी ठेवली, आणि त्यामुळे आता एआयने केलेली प्रत्येक साइट त्याच रंगाची निघते, असं त्यांचं म्हणणं होतं. रंगाने फारसं कुणाचं अडत नाही. पण रंग जसा उतरला तशीच ती सगळी सवयही उतरली. मोठ्या कंपन्यांच्या साइट आलेल्या माणसाला धरून ठेवण्यासाठी केलेल्या असतात. त्याने जास्त वेळ थांबावं, जास्त ठिकाणी बोट ठेवावं, यासाठी. आमच्या वर्गाला हवं होतं उलट: मुलाने यावं, नाव नोंदवावं आणि अभ्यासाला जावं.

पानाची हालचाल काढल्यावर दुसरी अडचण उघडी पडली, ती मजकुराची. परीक्षेची तारीख आणि शुल्क एआयने लिहिलं होतं, पण कुठे? 'आमचं ध्येय', 'आमची वैशिष्ट्यं', 'आम्हीच का' या तीन मथळ्यांखालचे परिच्छेद ओलांडल्यावर. वाक्यं शुद्ध, गुळगुळीत आणि कुठल्याही वर्गाला लागू पडतील अशी. ज्याची नजर सराईत आहे तो असा मजकूर न वाचता पुढे जातो, कारण यात काही नाही हे त्याला दुरूनच कळतं. लक्षाची अडचण असलेल्याला कुठलं वाक्य टाकून द्यायचं हे ठरवण्याचीच मेहनत पडते. पोकळ वाक्य वाचायलाही भरीव वाक्याइतकीच ताकद लागते, आणि ताकद संपते तेव्हा शुल्काची ओळ अजून यायचीच असते.

आम्ही सगळं खरवडलं. वर वर्गाचं नाव. त्याखाली चार ओळी: परीक्षा कधी, कुठे, शुल्क किती, येताना काय आणायचं. त्याखाली एकच बटण. धावणारे आकडे तर गेलेच, कारण ते एआयने स्वतःच्या मनाने घातले होते आणि वर्गात तेवढी मुलं कधी नव्हतीच. संचालकांनाही ते पटलं. खोटा आकडा आपल्या नावावर नको, असं ते स्वतःच म्हणाले.

मग फॉर्म. एआयने तो एकाच लांबलचक पानावर दिला होता: मुलाची माहिती, पालकांची माहिती, शाळा, पत्ता, आधार क्रमांक, मोबाइलवर येणारा ओटीपी. ओटीपी बघायला मुलगा मेसेजमध्ये गेला. तिथे मित्राचा निरोप दिसला. परत आला तेव्हा फॉर्म कोरा. तिथवर भरलेलं सगळं गेलं, आणि त्या मुलाच्या तोंडावर जे दिसलं ते मी बऱ्याच लोकांच्या तोंडावर पाहिलं आहे: आपल्यालाच जमत नाही, ही ओळखीची शरम. फॉर्म कोरा होणं हा करणाऱ्याच्या कामातला दोष आहे, भरणाऱ्याच्या डोक्यातला नाही. हे त्या मुलाला मी मोठ्याने सांगितलं, कारण ते त्याला आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं.

नव्या फॉर्ममध्ये एका वेळी एकच प्रश्न येतो. वर 'पाचपैकी तिसरी पायरी' असं लिहिलेलं असतं. भरलेलं प्रत्येक उत्तर तिथल्या तिथे जपून ठेवलं जातं. फोन बंद पडला, एसटी आली, घरातून हाक आली तरी परत आल्यावर तोच प्रश्न समोर असतो. एकदा दिलेली माहिती दुसऱ्यांदा विचारायची नाही, हा तर डब्ल्यूसीएजीच्या २.२ आवृत्तीतला नवा नियमच आहे. चूक झाली तर लाल अक्षरं पानाच्या टोकाला न येता त्याच चौकटीखाली येतात, आणि बाकीचं काही पुसलं जात नाही.

तो मुलगा पुन्हा आला तेव्हा फॉर्म एका बैठकीत भरून मोकळा झाला. मग फोनकडे बघत म्हणाला, "झालं काय?" शेवटी हिरवी खूण येत होती, पण तेवढ्याने त्याची खात्री होत नव्हती. अर्धवट सुटलेल्या कामांचा अनुभव ज्याच्या गाठीशी आहे त्याला काम संपलं हे शब्दांत सांगावं लागतं. म्हणून शेवटच्या पानावर आम्ही लिहिलं: 'तुमची नोंदणी झाली. आता काहीही करायचं राहिलेलं नाही. परीक्षेला येताना आधार कार्ड आणा.' संचालकांनी नंतर सांगितलं की 'फॉर्म पोचला का' असं विचारणारे पालकांचे फोनही कमी झाले. त्या पालकांना काही एडीएचडी नव्हता.

इथे मला शेंदुरजना घाटकडच्या एका संत्रा नर्सरीची गोष्ट सांगावीशी वाटते. वरूड तालुक्यातलं हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी नावाजलेलं. लांबलांबून शेतकरी कलमं न्यायला येतात. मालकाच्या मुलाने एआयकडून साइट करून घेतली होती. चित्रात चकचकीत, घट्ट सालीची संत्री. आपल्या नागपुरी संत्र्याची सैल साल त्या चित्राला ठाऊकच नव्हती. बाकी सगळं नेहमीचंच. घेणारा शेतकरी मात्र धुऱ्यावर उभा राहून, उन्हात, एका हाताने फोन धरून बघणार. त्याचे प्रश्न ठरलेले: "कलमाचा भाव काय, खुंट जंबेरीचा का रंगपूरचा, अन् कधी भेटन?" त्याला कसलंही निदान झालेलं नाही. पण डोक्यात पाऊस, मजूर, बँक, मुलीची फी हे सगळं एकाच वेळी असेल तर कुणाचंही लक्ष तुटकच असतं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची 'कृषी संवादिनी' ही डायरी वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांना ओळखीची आहे. पीक काढायचं, तक्ता बघायचा, मिटून ठेवायची. आम्ही नर्सरीचं पानही त्याच शिस्तीत बसवलं: एक तक्ता, भाव, खुंट, उचलण्याचा काळ आणि मालकाचा फोन नंबर. ज्याची अडचण सगळ्यात जास्त त्याच्यासाठी केलेलं पान बाकीच्या सगळ्यांना सोपं जातं, हे मला तिथे फार स्पष्ट दिसलं.

गिऱ्हाइकांशी बोलताना काही गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात. एक म्हणजे उलटी मोजणी करणारं घड्याळ. 'शेवटच्या तीन जागा', 'सवलत संपायला दहा मिनिटं' हे एआय अगदी सहज घालून देतो, आणि मालकाला ते हवंही असतं. ज्याचं मन आधीच उतावीळ होतं अशा माणसाला ही भीती घालणं मला अन्याय वाटतो. शिवाय ते नियमांतही बसत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा युक्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत खोटी घाई दाखवणं ही पहिलीच युक्ती आहे. हे सांगितलं की बहुतेक मालक ऐकतात.

दुसरं म्हणजे 'ते माणसाचं चिन्ह असलेलं बटण लावून टाका ना.' साइटवर एक बटण चिकटवलं की ती आपोआप सर्वांना वापरण्याजोगी होते, असा दावा करून असली साधनं विकली जातात. ॲक्सेसिबी या कंपनीने आपलं एआय साधन कुठलीही साइट निकषांत बसवतं असा प्रचार केला होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तो दिशाभूल करणारा ठरवला आणि २०२५ मध्ये कंपनीला दहा लाख डॉलर भरावे लागले. अक्षरांचा रंग फिका आहे, चौकटीला नाव नाही, एवढं यंत्र पकडतं. शुल्काची ओळ माणसाला सापडते की नाही, हे माणसाला शेजारी बसवल्याशिवाय कळत नाही.

तिसरं म्हणजे एआयला दिलेल्या सूचना. 'हलणारं काही नको, एका पानावर एकच काम, एकच मुख्य बटण, न दिलेला आकडा किंवा अभिप्राय घालू नको, पहिल्या चार ओळींत तारीख आणि रक्कम, भरलेलं पुसू नको' असं नीट सांगितलं की तो फार छान साधं पान करतो. पण पुढच्या वेळी कुणी 'जरा उठावदार कर' म्हटलं की सगळं परत येतं. म्हणून ही यादी मी प्रत्येक साइटच्या फाइलमध्येच लिहून ठेवते, आणि मालकाला मराठीत छापून देते. काउंटरच्या काचेखाली ती असली की बदल सांगण्याआधी नजरेखालून जाते.

कायदा आपल्या बाजूने हळूहळू सरकतो आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यांत आहेत. एडीएचडीचं नाव वेगळं नाही. पण सुगम्यतेचे नियम खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू व्हावेत, ही तरतूद त्याच कायद्यात आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सांगितलं. शिकवणीचा फॉर्म, कलमांची मागणी, दवाखान्याची वेळ हे सगळं फोनवर गेल्यावर या निकालाचा अर्थ आपल्या जिल्ह्यातही लावावा लागेल.

तो लावण्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. अमरावती आणि अकोल्यात अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत, संगणक शिकणारी पोरं-पोरी शेकड्याने आहेत, आणि आता प्रत्येकाच्या हातात एआय आहे. प्रकल्प म्हणून आणखी एक चकचकीत पान करण्याऐवजी त्यांनी गावातल्या एका दुकानाची साइट घ्यावी, ज्याला लक्ष टिकवायला त्रास होतो अशा एका माणसाला मानाने शेजारी बसवावं, त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा आणि तो जिथे जिथे अडेल ते लिहून काढावं. मालकांनीही साइट ताब्यात घेताना तीन गोष्टी स्वतः बघाव्यात: भाव आणि तारीख खाली न सरकता दिसते का, मध्येच उठून परत आल्यावर काम जिथे सोडलं तिथेच सापडतं का, आणि काम संपलं हे पान स्पष्ट सांगतं का. तिन्हींची उत्तरं हो आली तरच पैसे द्यावेत. माझ्या बिलालाही मी हीच अट घालून घेतली आहे.